लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या वृद्धाश्रमाचा इतिहास कसा लिहावा

रौप्य किंवा सुवर्णमहोत्सव सहा महिन्यांवर आला की कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव होतो : संस्थेचा इतिहास लिहून घ्यावा. काम एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे जाते. ते मागच्या स्मरणिकेतला लेख पुढे घेतात, त्यात नव्या इमारतीची भर घालतात, आणि शुभेच्छापत्रे व जाहिराती यांच्या मधोमध चार पानांचा इतिहास छापून होतो. त्यात संस्थापक असतात, मोठे देणगीदार असतात, उद्घाटनाला आलेले मंत्री असतात. तिथे राहायला कोण आले, कोणत्या अटींवर आले, स्वयंपाक कोण करत होते, महिनाअखेरीला किराणा कुठून येत होता, यातले काहीच नसते. खरे तर वृद्धाश्रमाचा इतिहास म्हणजे हेच. त्याचे पुरावे बहुतेक संस्थांकडे असतात, फक्त ते कोठीत आणि माळ्यावर असतात.

पन्नास वर्षांच्या संस्थेसाठी दोन-तीन माणसे आठवड्यातला एक दिवस देणार असतील, तर वर्ष-दीड वर्ष धरून चाला. सहा महिन्यांत स्मरणिका होते, इतिहास होत नाही.

आधी ठराव, मग कपाट

कागदांना हात लावण्यापूर्वी कार्यकारी मंडळाचा लेखी ठराव घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : कोणते दप्तर पाहायला मिळेल, कागद संस्थेबाहेर जाणार नाहीत, आणि मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा. तिसरी गोष्ट राहून गेली तर हस्तलिखित तयार झाल्यावर नेमकी ती दोन पाने गळतात, ज्यात जुन्या अध्यक्षांचा राजीनामा असतो.

मग संस्थेतले सगळे दप्तर एका खोलीत आणा आणि काहीही फेकण्याआधी यादी करा. साधारणपणे हे सापडते : घटना आणि नियमावली, सभांची इतिवृत्ते, कीर्द-खतावणी, व्हाउचरच्या फायली, देणगी पावत्यांची स्थळप्रत (संस्थेकडे राहणाऱ्या प्रतींची) पुस्तके, हिशेब तपासनिसांचे अहवाल, प्रवेश अर्ज व हमीपत्रे, निवासींची हजेरी, कोठीचे साठा रजिस्टर, जडसंग्रह (भांडी, फर्निचर अशा टिकाऊ वस्तूंची) नोंदवही, कर्मचाऱ्यांचे मस्टर, अभिप्राय वही, समाजकल्याण खात्याशी झालेला पत्रव्यवहार आणि फोटो. प्रत्येक वहीला मऊ पेन्सिलीने क्रमांक द्या, उदाहरणार्थ इति/१९७४/२. पेनने नको, स्टिकर तर मुळीच नको, कारण त्याचा डिंक दोन पावसाळ्यांत कागद खातो.

रद्दीवाल्याला पहिल्यांदा जातात ती पावती पुस्तके आणि साठा रजिस्टरे. 'ऑडिट झाले, आता ठेवून काय करायचे' हे त्यामागचे कारण. ती वाचली आहेत का, हे पहिल्याच दिवशी बघा.

स्थापनेची तारीख एक नसते

बहुतेक संस्थांना पाच तारखा असतात : गावातली पहिली सभा, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची नोंदणी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदणी, इमारतीचे उद्घाटन, आणि पहिला निवासी राहायला आला तो दिवस. दोन नोंदण्यांमध्ये काही आठवडे किंवा महिने जातात. उद्घाटन आणि पहिला निवासी यांत वर्षही जाऊ शकते, कारण इमारत उभी राहिली तरी पाण्याचे कनेक्शन आणि स्वयंपाकाची बाई मिळायची असते. वर्धापनदिन कोणताही साजरा होवो, पुस्तकात पाचही तारखा द्या आणि प्रत्येकीपुढे कागद नोंदवा.

नोंदणी क्रमांकावरून बरेच कळते. 'एफ' ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था, 'ई' म्हणजे साधारणपणे धर्मादाय विश्वस्त संस्था. सोसायटी असेल तर मूळ ज्ञापनावर किमान सात सह्या असणारच. ते सात जण कोण, काय व्यवसाय करत होते, कुठे राहत होते, हे ज्ञापनातच लिहिलेले असते. स्मरणिकेत मात्र त्यांतले दोनच उरलेले दिसतात. उरलेल्या पाचांचा शोध घेणे हे इतिहास लिहिणाऱ्याचे पहिले काम.

संस्थेकडे मूळ कागद नसतील तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नकलेचा अर्ज करा. कोर्ट फी स्टॅम्प लावून परिशिष्ट १ चा (आयुक्तांच्या नोंदवहीतल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा, मूळ नोंदणी अर्ज, घटनेची प्रत आणि बदल अर्जांचे, म्हणजे विश्वस्त वगैरे बदलल्याचे कळवणाऱ्या अर्जांचे, निकाल मागा. नकलेच्या अर्जाला दाद मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे : शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून जमिनीचे आणि विश्वस्तांचे प्रश्न एकत्र घालू नका. जिल्हा नंतर झाला असेल तर जुनी फाइल मूळ जिल्ह्यात राहिलेली असू शकते. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ मधले, लातूर आणि गडचिरोली १९८२ मधले. लातूरच्या १९७८ च्या संस्थेची चौकशी धाराशिवलाही करावी लागते.

इथे एक सापळा आहे. परिशिष्ट १ वर दिसणारी विश्वस्तांची नावे ही त्या वेळी खरोखर काम पाहणाऱ्यांची नावे असतीलच असे नाही. कायद्याप्रमाणे बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. प्रत्यक्षात बदल अर्ज उशिरा जातो, कोणी हरकत घेतली की वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि निवर्तलेले विश्वस्त कागदावर तसेच राहतात. कोण कधी पदावर होते हे इतिवृत्तावरून ठरवा आणि परिशिष्ट फक्त ताडून पाहण्यासाठी वापरा.

शोधताना जुनी नावेही लक्षात ठेवा. जुन्या संस्थांच्या नावांत अनाथ, अपंग, पंगुगृह असे शब्द येतात. पुण्यातली आजची 'निवारा' ही एकोणिसाव्या शतकातली संस्था डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह म्हणून ओळखली जाई. समाजकल्याण खात्याच्या फायलींत मात्र दोन वर्षे महत्त्वाची : १९६३, जेव्हा स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रम चालवण्याची राज्याची योजना आली, आणि १९९५, मातोश्री वृद्धाश्रम योजनेचे. तुमची संस्था यांतल्या कोणत्या लाटेत आली, की दोन्ही टाळून स्वतःच्या पायावर राहिली, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. परिपोषण अनुदान (निवासींच्या पालनपोषणासाठी मिळणारे सरकारी अनुदान) घेतले असेल तर प्रवेशाचे वय, जागांची संख्या आणि नोंदवह्यांचा नमुना त्या अटींप्रमाणे बदललेला दिसेल.

गोव्यातल्या संस्थेला हा विश्वस्त कायदा लागू नाही, आणि डिसेंबर १९६१ पूर्वीचे कागद बहुधा पोर्तुगीजमध्ये असतात. मराठवाड्यातले हैदराबाद संस्थानाच्या काळातले कागद उर्दूत, तर पश्चिम महाराष्ट्रातली जुनी दानपत्रे मोडीत असू शकतात. वाचून देणारा माणूस आधी शोधा, अंदाजाने अर्थ लावू नका.

जमीन

'अमुक दानशूर गृहस्थांनी जागा दिली' हे वाक्य प्रत्येक स्मरणिकेत असते आणि सगळ्यांत जास्त तपासावे लागते तेही हेच. जागा बक्षीसपत्राने मिळाली, नाममात्र किमतीने खरेदी झाली, भाडेपट्ट्याने आली की गायरानातून शासनाने दिली, याचे उत्तर फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असते. सध्याच्या सातबाऱ्यावरून फेरफार क्रमांक घ्या आणि एकेक मागे जा. संगणकीकृत उतारा फार मागे नेत नाही. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, आणि अनेक जिल्ह्यांचे स्कॅन महसूल विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. शहरात असाल तर नगर भूमापनाची मिळकत पत्रिका काढा. नोंदणीकृत दस्त असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताचा गोषवारा, मागा.

नंबर जुळत नाही म्हणून शोध थांबतो तो बहुतेक एकत्रीकरणामुळे. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. दानपत्रात सर्व्हे नंबर आणि सातबाऱ्यावर गट नंबर असेल तर भूमिअभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता घ्या.

दुसरी नेहमीची गोष्ट : संस्था नोंदण्यापूर्वी जागा अध्यक्षांच्या किंवा चिटणिसांच्या वैयक्तिक नावे घेतलेली असते आणि ते वारल्यावर वारसांची नोंद झालेली असते. असे सापडले तर पुस्तकात छापण्याआधी विश्वस्तांना आणि वकिलांना दाखवा. तो इतिहास आहेच, पण चालू दावाही असू शकतो.

इतिवृत्त वाचण्याची रीत

'चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' या चार शब्दांत किती भांडणे गाडली जातात, हे कोणत्याही जुन्या चिटणिसाला ठाऊक असते. म्हणून ठरावापेक्षा पुढच्या गोष्टी पाहा. सूचक आणि अनुमोदक कोण? तीच जोडी वर्षभर दिसते का? पुढच्या सभेत 'मागील इतिवृत्त कायम करणे' या विषयाखाली दुरुस्ती सुचवली आहे का? गणपूर्तीअभावी सभा किती वेळा तहकूब झाल्या? लागोपाठ तीन तहकुबी आणि मग 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा, असा क्रम दिसला की आवक पत्रांची फाइल काढा. कारण बहुधा तिथे मिळते.

सलग दहा सभांची इतिवृत्ते एकाच शाईत, एकाच हातची, कुठेही खाडाखोड नाही अशी असतील तर ती मागाहून, बहुधा ऑडिटच्या तोंडावर लिहिलेली आहेत. ती टाकून देऊ नका. पण तारखा कीर्दीशी ताडून पाहा : सभेत मंजूर झालेला खर्च सभेच्या आधीच अदा झालेला दिसतो का?

पैसा कुठून आला

प्रवेशद्वाराजवळचा संगमरवरी फलक पाच-पंचवीस नावे सांगतो. पावत्यांची स्थळप्रत पुस्तके शेकडो सांगतात. किमान पहिल्या पाच वर्षांच्या सगळ्या पावत्या तक्त्यात भरा : तारीख, नाव, गाव, रक्कम, कशासाठी. आणि एकूण रकमेत फलकावरच्या देणग्या किती टक्के आणि लहान वर्गणी किती टक्के हे काढा. आकडा काही येवो, तो पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात गेला पाहिजे. धान्यरूपाने मिळालेली मदत पावती पुस्तकात येत नाही. मुष्टिफंड (घरोघरून मूठमूठ जमवलेले धान्य), सुगीनंतर गाडीने आलेली ज्वारी, मंगल कार्यालयातून आलेले जेवण, हे कोठीच्या साठा रजिस्टरच्या 'जमा' बाजूला असते.

१ एप्रिल १९५७ पूर्वीचे हिशेब रुपये-आणे-पैत आहेत. १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा. ३-६-९ म्हणजे ३ रुपये ६ आणे ९ पै, दशमानात सुमारे ३ रुपये ४२ पैसे. हे दशांश समजून बेरीज केली की ताळेबंद कधीच जुळत नाही. वहीत शके असेल तर ७८ मिळवा, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या मित्यांना ७९ : शके १८८० चा माघ १९५९ मध्ये येतो. मराठवाड्यातल्या फसली सनाला (निजामाच्या राज्यातल्या महसुली वर्षाला) ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, कारण ते वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असे.

कायम तिथीची वही हा तर वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे. आई-वडिलांच्या स्मरणार्थ ठरावीक रक्कम कायम ठेवीत द्यायची आणि दरवर्षी त्या तिथीला संस्थेने गोड जेवण करायचे, ही पद्धत अनेक वृद्धाश्रमांनी स्वीकारली. १९७८ मध्ये कोणी ५०१ रुपये ठेवले असतील तर ८ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ४० रुपये. तेव्हा त्यात पंगत होत होती, आज तेवढ्यात एका माणसाचे ताट होत नाही, पण दिलेला शब्द कायमचा आहे. संस्थेने काय केले? तिथ्या एकत्र केल्या, रक्कम वाढवून मागितली, की तोटा सर्वसाधारण निधीतून भरला? ठेवीचा दर, ठराव आणि प्रत्यक्ष जेवणाची नोंद ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवली की संस्थेचा आर्थिक इतिहास यातूनच लिहिता येतो. भाषणातल्या 'खडतर वाटचाली'पेक्षा हे कितीतरी बोलके आहे.

ताटे मोजणे

निवासींची खरी संख्या किती होती, यावर हजेरी आणि वार्षिक अहवाल यांत फरक पडतो. खात्रीची संख्या असलेला एखादा महिना निवडा, त्या महिन्यातला तांदूळ, गहू, तेल आणि दूध यांचा वापर माणसांनी भागा, आणि माणशी प्रमाण काढा. मग तेच प्रमाण इतर महिन्यांना लावून पाहा. थोडी तफावत चालते. सणाचे दिवस, पाहुणे, कर्मचाऱ्यांचे जेवण यात येते. पण अहवालात ४० माणसे आणि शिधा सतत २५ जणांचा असेल, तर एक तर लोक दीर्घ रजेवर होते, किंवा डबा बाहेरून येत होता, किंवा हजेरी फुगलेली होती. तिन्ही शक्यता तपासल्याशिवाय तिसरी लिहू नका.

मस्टरवरून स्वयंपाकी, सेविका, रखवालदार यांची नावे आणि नोकरीची वर्षे काढा. तीस वर्षे पोळ्या लाटणारी बाई स्मरणिकेत 'कर्मचारीवृंद' या एका शब्दात संपते. तिचे नाव, पगार आणि कामाचे तास मस्टरवर आणि व्हाउचरवर आहेत.

निवासींचे कागद

इथे हात आखडता घ्या. प्रवेश अर्जात 'येथे येण्याचे कारण' असा रकाना असतो आणि त्यात मुलगा, सून, भावकी, दावे, आजार सगळे असते. त्यातून आकडेवारी काढा : वय, स्त्री-पुरुष, गाव, आधीचा व्यवसाय, किती वर्षे राहिले, शुल्क भरणारे किती, मोफत किती, सुटी होऊन घरी परतले किती. नावे नको. गाव लहान असेल तर नाव गाळूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा 'अमुक पेठेतल्या निवृत्त पोस्टमास्तर' असला तपशीलही टाळा. वैद्यकीय कागदांचे स्कॅनच करू नका. हयात निवासीचे नाव किंवा फोटो त्यांच्या लेखी संमतीनेच. पालक म्हणून सही करणाऱ्या नातेवाइकाची संमती त्यांच्या संमतीची जागा घेत नाही.

मुलाखती

सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर, जेवणाआधी, पाऊण तासापेक्षा जास्त नाही. पंखा बंद करा, नाहीतर ध्वनिमुद्रणात तोच ऐकू येतो. ऐकण्याचे यंत्र चालू आहे ना ते पाहा आणि चांगल्या कानाच्या बाजूला बसा. फोन टेबलावर नुसता न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा आणि विमान मोडमध्ये टाका. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि 'ध्वनिमुद्रण करू ना?' हा प्रश्न व त्याचे उत्तर मुद्रित करा.

'कोणत्या साली?' हा प्रश्न वाया जातो. त्याऐवजी खुंट्या द्या : पानशेत फुटले (१२ जुलै १९६१) त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७)? बहात्तरचा दुष्काळ? आणीबाणी? किल्लारी (३० सप्टेंबर १९९३)? मुंबई-ठाण्याकडे २६ जुलै २००५. गावचीही खुंटी असते, धरण, एसटी स्टँड, पहिला टीव्ही. 'जुने दिवस कसे होते?' असे विचारले तर भाषण मिळते. 'पहाटे पहिले कोण उठायचे, बंब कोण पेटवायचे, नावडती भाजी आली तर काय करायचात?' असे विचारले तर इतिहास मिळतो. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला तर दोन्ही ठेवा, आणि कागद कोणाच्या बाजूने आहे ते लिहा.

मुलाखती फक्त संस्थापकांच्या घरच्यांच्या घेतल्या की पुस्तक चरित्र होते. माजी सेविका, किराणा देणारा दुकानदार, आठवड्याला येणारे डॉक्टर आणि बंडखोर माजी चिटणीस यांना यादीत वर ठेवा.

कागद आणि फोटो

कागद ३०० डीपीआय, फोटो ६०० डीपीआय, मूळ फाइल टिफमध्ये आणि वापरण्यासाठी जेपेग. मोबाइलवरची स्कॅन अॅपे कागद सरळ करताना पेन्सिलीच्या टिपा पुसट करतात, म्हणून मूळ फाइलसाठी ती नकोत. गंजलेल्या टाचण्या ओढू नका. खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून सैल करा. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही वर्ज्य. ओली झालेली वही उन्हात टाकली तर पाने वेडीवाकडी होऊन चिकटतात. पंख्याखाली उभी ठेवा, दर आठ-दहा पानांनी टीपकागद घाला आणि तो बदलत राहा. कोकणात पावसाळ्यात स्कॅनिंग थांबवलेले बरे.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. पानासकट स्कॅन करा. फोटोमागे बॉलपेनने लिहिले की समोर वळ उमटतो, म्हणून पेन्सिल. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडलेले असतात, त्यांना आधी हात घाला, कृष्णधवल थांबू शकतात. ओळखपरेड दोन वेगवेगळ्या गटांपुढे करा आणि नावे जुळली तरच मथळ्यात घाला.

लिहिणे आणि छापणे

लेखनाआधी पाच रकान्यांचा तक्ता पूर्ण करा : तारीख, घटना, पुरावा, वहीचे पान, खात्री. ज्या घटनेला एकाच स्मरणिकेचा आधार आहे ती 'असे सांगितले जाते' म्हणून लिहा. प्रकरणे अध्यक्षांच्या कारकिर्दींप्रमाणे पाडू नका. जागा, पैसा, स्वयंपाकघर, निवासी, आजारपण आणि मृत्यू, सरकार अशी पाडली की मजकूर आपोआप माणसांकडे वळतो. कर्ज, बंद पडायची वेळ, कोर्टकज्जा हे गाळू नका. तारीख आणि ठराव क्रमांकासह, विशेषणांशिवाय लिहिले की सहसा कोणी हरकत घेत नाही.

छपाई १६ पानांच्या फॉर्ममध्ये होते, त्यामुळे पाने ९६, ११२, १२८ अशी बसवा. ९८ पानांचे पुस्तक करून शेवटी कोरी पाने किंवा घाईच्या जाहिराती येतात. जाहिराती घ्यायच्याच असतील तर स्मरणिका वेगळी छापा. शेवटी नावांची सूची हवीच, आणि तीत सेविका आणि स्वयंपाकी देणगीदारांबरोबरच, अकारविल्हे.

पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि कायद्यातली इतर ग्रंथालये यांना प्रती पाठवा. तालुक्याच्या वाचनालयात दोन प्रती द्या. स्कॅनचे दोन संच दोन वेगळ्या इमारतींत ठेवा, आणि मूळ वह्या पुन्हा माळ्यावर न टाकता जमिनीपासून वीतभर उंच स्टीलच्या कपाटात, किल्ली कोणाकडे याची इतिवृत्तात नोंद करून.